‘चौतीस द्या’ : ‘निफ्ट’च्या संचालकांना शिळफाट्याहून खुलं पत्र

मा. संचालक,
राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था (निफ्ट), मुंबई केंद्र,
खारघर, जि. रायगड

यांस,

पत्त्यात ‘जि. रायगड’ मुद्दाम लिहिलं आहे. खारघरला हल्ली सगळे नवी मुंबई म्हणतात, पण तालुका पनवेल आणि जिल्हा रायगडच. माझं लेडीज टेलरिंगचं दुकानही याच जिल्ह्यात आहे, खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या शिळफाट्याला. ट्रॅफिक तुंबल्याच्या बातमीत येतो तो शिळफाटा ठाण्याकडचा. आमचा बोरघाटाच्या पायथ्याचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. कुरियरवाल्यांचाही गोंधळ होतो, आणि माझं अस्तराचं कापड कधीमधी आधी तिकडे फिरून मग इकडे येतं. तर एकाच जिल्ह्यातले म्हणून हक्कानं लिहिते आहे. विषय आतल्या कपड्यांचा आहे. तो चारचौघांत काढत नाहीत, म्हणूनच पत्र खुलं लिहिलं.

तुमच्या संस्थेनं देशाचं माप घ्यायचं काम हाती घेतलं, ‘इंडिया साइज’ नावानं. पंधरा ते पासष्ट वयाची पंचवीस हजार माणसं, बायका आणि पुरुष, सहा शहरांत. टेप न लावता स्कॅनरसमोर उभं करून सगळ्या अंगाची मापं. अमेरिका, ब्रिटन, कोरिया, चीन यांनी आपापल्या लोकांची मापं कधीच घेऊन ठेवली आहेत. आपण अजून त्यांच्या तक्त्यातले आकडे थोडे इकडेतिकडे करून कपडे शिवतो. हे वाचलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. माझ्याकडे येणाऱ्या अल्टरच्या कामाचं मूळ तिथंच आहे. कुर्ता छातीत बसला तर खांदा उतरतो, खांदा बसला तर ढुंगणावर अडतो. बाई म्हणते, “ताई, माझंच अंग वाकडं आहे.” मी म्हणते, “अंग सरळ आहे बाई, कापड कापणाऱ्यानं तुला पाहिलेलं नाही.”

प्रकल्पाची गरज सांगताना एक आकडा दिला होता: मापात बसत नाहीत म्हणून वीस ते चाळीस टक्के कपडे परत येतात. आकडा खरा असेल. पण ब्रा आणि निकर त्या आकड्यात कुठून येणार? आमच्या बाजारात प्रत्येक दुकानात पाटी असते, अंतर्वस्त्रं बदलून मिळणार नाहीत. स्वच्छतेच्या दृष्टीनं ते योग्यच आहे, माझी तक्रार नाही. पण त्याचा परिणाम असा की जो कपडा सर्वांत जास्त चुकतो, तोच कधी परत येत नाही. कुर्ता काचला तर बाई भांडून बदलून आणते. ब्रा काचली तर ती घालते, दीड वर्ष घालते, आणि मग त्याच नंबरची दुसरी आणते. कंपनीच्या वहीत नोंद होते ती ‘माल खपला’ अशी.

या बायका मला दिसतात त्या पडद्यामागे, ब्लाऊजचं माप घेताना. खांद्यावर पट्ट्याचा वळ असतो, काही जणींच्या खांद्यावर तो इतका खोल रुतलेला की बोटाला खाच लागते. मागची पट्टी पाठीवर चढून मानेकडे निघालेली असते. बगलेपाशी कडेला एक फुगवटा बाहेर आलेला, म्हणजे कप लहान पडतो आहे. किंवा पुढे कप रिकामा चुरगळलेला, म्हणजे नंबर नुसता मोठा घेतला आहे. यातल्या कोणालाच मी विचारत नाही. टेप लावता लावता त्याच सांगतात, “संध्याकाळी घरी जाऊन आधी ही काढते मी, मग चपला.”

आता गंमत पाहा. त्यावर घालायच्या ब्लाऊजसाठी मी किती मापं घेते? उंची, खांदा, वरची छाती, भरलेली छाती, छातीखालचा घेर, टक्स पॉइंट, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. कटोरी ब्लाऊज असेल तर कटोरीचं माप वेगळं. आणि आत माया सोडते, म्हणजे बाई भरली तर उसवून सैल करता येतं. जो कपडा कातडीला चिकटून असतो, दिवसाचे बारा-चौदा तास असतो, तो मात्र ती एका आकड्यावर घेते. “चौतीस द्या.” दुकानदार पुरुष असतो, बाई खालमानेनं उभी असते, तो खोक्यातून काढून कागदात गुंडाळून देतो. अर्ध्या मिनिटात सौदा संपतो. चौतीस हा आकडा तिला कोणी दिला? बहुतेक वेळा आईनं किंवा मोठ्या जावेनं. लग्नाआधीचा असतो आणि तीन बाळंतपणांनंतरही तोच चालू असतो.

या आकड्याचं गणित अवघड नाही, पण ते खोक्यावर कोणी छापत नाही, म्हणून इथं लिहिते. हे पत्र तुमच्या आधी बायका वाचतील. छातीच्या बरोबर खाली, श्वास सोडून, टेप घट्ट लावायचा. येईल तो पट्टीचा नंबर. मग छाती जिथं सर्वांत भरलेली तिथं टेप सैल धरायचा. दोन्हीतला फरक इंचात काढायचा: एक इंच म्हणजे ए कप, दोन म्हणजे बी, तीन सी, चार डी. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, पण सुरुवात इथून. सगळा भार पट्टीनं घ्यायचा असतो, खांद्यावरचे पट्टे नुसते सावरायला. आता समजा एखादीचं खालचं माप तीस आणि वरचं चौतीस आहे. तिला हवी तीस डी. बाजारात तिला काय मिळतं? चौतीस, कपाचं नाव नाही, म्हणजे साधारण बी धरून चाला. कप कसाबसा भागतो, पण पट्टी चार इंच सैल. मग ती पट्टे ओढून ओढून आखूड करते, पट्टी पाठीवर चढते, भार खांद्यावर येतो, आणि मला तो वळ दिसतो.

कपाला ए-बी-सी-डी अक्षरं लावायची पद्धत अमेरिकेतल्या एस. एच. कॅम्प कंपनीनं १९३२ साली सुरू केली. शंभरी जवळ आली. अक्षरं अजून आमच्या बाजारात पोचली नाहीत. मोठ्या ब्रँडच्या शोरूममध्ये पोचली, ऑनलाइन पोचली, पण आमच्याकडे माल येतो तो उल्हासनगरहून, कर्जत गाडीनं, गोणीतून. उल्हासनगरला मी नावं ठेवणार नाही. शंभर-दीडशे रुपयांत या तालुक्यातल्या बायकांना ब्रा मिळते ती त्या गोण्यांमुळेच. पण त्या गोणीत अठ्ठावीस नसतं, चाळीसच्या वर जवळजवळ नसतं, आणि मधल्या नंबरांना कप नसतो.

पुरुषांचं बघा. गंजीफ्रॉकच्या खोक्यावर स्वच्छ छापलेलं असतं, ८५ सेंमी, ९० सेंमी, ९५ सेंमी. छातीला टेप लावा, आकडा मिळवा, संपलं. चड्डीचंही तसंच. बायकांच्या निकरवर काय? एम. एल. एक्सएल. आणि सगळ्यांत थोर म्हणजे ‘फ्री साइज’. नियम नाही म्हणावं तर तेही नाही. सुट्या विकल्या जाणाऱ्या कपड्यांवर एस-एम-एलच्या जोडीला सेंटिमीटरमध्ये माप द्यायचं, असं वजनमापाच्या नियमांत २०२२ सालीच आलं आहे. आता ते सेंटिमीटर कंबरेचे की कुल्ल्यांचे, आणि गोणीतल्या मालावर ते बघायचे कोणी, हा पुढचा प्रश्न. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर पाच टक्केच जीएसटी झाला म्हणून पेढे वाटले गेले. हजाराच्या आतल्या कपड्यांवर तो आधीही पाचच होता. दीडशेच्या ब्राला त्यानं काही झालं नाही.

माझा मुद्दा फक्त स्वस्त मालाचा असता तर मी पत्र उल्हासनगरला लिहिलं असतं. तुम्हाला लिहिते आहे ते ‘कोणाला मापलं’ या प्रश्नासाठी.

अमेरिकेत १९३९-४० मध्ये त्यांच्या शेती खात्यानं बायकांची मापं घेतली. जवळजवळ पंधरा हजार बायका, प्रत्येकीची एकोणसाठ मापं. तयार कपड्यांच्या नंबरांचा पाया पुढे त्याच अभ्यासावर रचला गेला. काम मोठंच होतं. पण गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं घेऊनसुद्धा हिशेबातून काढून टाकली होती. म्हणजे त्या बायका रांगेत उभ्या राहिल्या, टेप लावून घेतला आणि तक्त्यात कुठंच आल्या नाहीत. पुढे वर्षानुवर्षं त्यांनी घातलेले कपडे दुसऱ्याच कोणाच्या अंगावर बेतलेले.

तुम्ही असं काही कराल असं मी म्हणत नाही. पण सहा शहरं म्हणजे मुंबई आली, दिल्ली आली, शिलाँगसुद्धा आलं. कर्जत-खालापूरची बाई मुंबईच्या मापात धरायची का? लोकलनं जोडलेलो आहोत म्हणून आम्ही मुंबईच, असं कोणी समजत असेल तर त्यानं सकाळी फाट्यावर येऊन उभं राहावं. डोक्यावर पाटी घेऊन डोंगर उतरून आलेली ठाकरीण, करवंदं-जांभळांची टोपली घेऊन बसलेली कातकरीण. कंपनीत पाळीला जाणारी पोरगी, फार्महाउसवर फरशी पुसायला निघालेली बाई. महडच्या वरदविनायकाला आलेल्या भाविकांना हार विकणारी. यांच्या खांद्यांची ठेवण, छातीचा पिंजरा, कुल्ल्यांचा घेर, दिवसरात्र खुर्चीवर बसणाऱ्या बाईपेक्षा वेगळा असतो. मी टेप लावते म्हणून सांगते. वाड्यांवरच्या कितीतरी बायकांचं छातीखालचं माप सव्वीस-अठ्ठावीस येतं. त्या नंबरची ब्रा बाजारात लहान मुलींची म्हणून मिळते, कपाच्या नावानं शून्य. म्हणून त्या एक तर घालत नाहीत, नाहीतर बत्तीस घेऊन मागं गाठ मारतात.

आमच्या आज्यांचं या बाबतीत बरं चाललं होतं, असं कधी कधी वाटतं. खणाची चोळी पुढं गाठीची. छाती भरली, उतरली, पोर अंगावर पीत असलं, तरी गाठ हवी तशी सैल-घट्ट करायची. नऊवारीचा काष्टा ज्या त्या बाईच्या मापाचा, कारण तो रोज सकाळी नव्यानं घातला जायचा. चिखलात आवणीला उतरली तरी काष्टा आड येत नव्हता. मी जुनं तेच सोनं म्हणणाऱ्यांतली नाही. पाळीच्या दिवसांत त्या आज्यांनी काय सोसलं तेही मी ऐकलेलं आहे, आणि पॅड वापरायचं तर नीट बसणारी निकर लागतेच. ती ढिली असली की पॅड सरकतं, आणि मुलगी शाळेत बाकावरून उठत नाही. पण एवढं खरं की गाठ गेली, तिच्या जागी हुक आणि नंबर आले, आणि नंबर ठरवताना या बायकांना कोणी विचारलं नाही.

कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. तिथं या पावसाला, या मातीला मानवतील अशी भाताची वाणं काढली. ‘कर्जत’ नाव लावलेली वाणं शेतकरी आजही मागून घेतो. पंजाबात पिकतं ते इथं पिकेलच असं तिथल्या शास्त्रज्ञांनी धरलं नाही. भाताला जी वागणूक मिळाली तेवढी तरी बायांना मिळावी, एवढंच म्हणणं.

आता धावणाऱ्या मुलींकडे येते. पत्र लिहायला बसले ते खरं तर त्यांच्यामुळेच.

आमच्याकडे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली वाढल्या आहेत. पहाटे रस्त्याच्या कडेनं, शाळेच्या मैदानावर धावताना दिसतात. महिलांच्या मैदानी चाचणीचे गुण पन्नास: आठशे मीटर धावण्याला वीस, शंभर मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. म्हणजे पन्नासातले पस्तीस गुण पायांवर. सकस खाणं, बूट, क्लासची फी यासाठी घरचे पैसे काढतात. बापानं कोंबड्या विकून बूट घेऊन दिलेले मला माहीत आहेत. पण छातीसाठी काही घ्यायचं असतं हे घरात कोणी बोलत नाही, आणि ती मुलगी बापाला सांगूही शकत नाही.

त्यातली एक दुकानात आली. पिशवीत दोन ब्रा आणि एक स्लिप. म्हणाली, “ताई, या दोन्ही एकावर एक घालते मी. वरून स्लिप. तरी हलतं. तुम्ही बाजूनं शिवून अजून घट्ट करून द्या ना.” मी पडद्यामागे नेऊन पाहिलं. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर चढून बरगडीवर लाल रेघ उमटली होती. श्वास घे म्हटलं तर पूर्ण घेता येईना. म्हटलं, “अगं, यात आठशे मीटर कसं धावतेस?” म्हणाली, “शेवटच्या फेरीत दम कोंडतो. सर म्हणतात स्टॅमिना कमी आहे.” सरांची चूक नाही, सरांना कोण सांगणार? टेप लावला तर निघाली तीस डी. ती घालत होती चौतीस आणि छत्तीस, कडेनं आवळून. मी जुनी पट्टी काढून टाकली, नवी रुंद पट्टी बसवली, पट्टे मागं फुलीसारखे ओढले, पुढून जाड सुती कापडाचा थर दिला. काम चाललं, पण ते स्पोर्ट्स ब्रा नव्हे. माझ्या साध्या मशीनवर लायक्रा शिवला की ताण पडताच दोरा तुटतो. त्याला ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक लागतं, आणि त्या मशीनचे पैसे एका शिलाईच्या दुकानातून निघत नाहीत.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात याच विषयावर वर्षानुवर्षं संशोधन चालू आहे. धावताना छाती नुसती वरखाली होत नाही, आठच्या आकड्यासारखी फिरते, हे त्यांनी मोजून दाखवलं. म्हणजे वरून दाबून भागत नाही. कडेनं आणि पुढूनही आधार लागतो. इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघातल्या खेळाडूंना त्यांनी एकेकीचं माप पाहून ब्रा ठरवून दिली. आमच्या रायगडात गल्लोगल्ली कबड्डी आहे, मुलींचे संघ आहेत. पकड होते, खेचाखेच होते, आणि आत असते तीच गोणीतली चौतीस. नाशिककडच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये पदक घेऊन आली, साताऱ्याची ललिता बाबर २०१६ ला रिओच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. अशा मुली आमच्या वाड्यांवरही असतील. त्यातल्या किती जणी दुखतं म्हणून बारा-तेराव्या वर्षी मैदान सोडतात, हे कोणाच्या वहीत नाही. आई म्हणते, “मोठी झाली, आता पुरे खेळ.” मुलीलाही ते सोयीचं वाटतं, कारण खरं कारण सांगावं लागत नाही.

स्पोर्ट्स ब्रा जन्माला कशी आली हे तुमच्या विद्यार्थ्यांना माहीत असेलच, पण माझ्या गिऱ्हाइकांना नाही. १९७७ साल, अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य. लिसा लिंडाल नावाची बाई धावायला लागली आणि तिला हाच त्रास. तिची लहानपणची मैत्रीण पॉली स्मिथ नाटकाचे कपडे शिवणारी, आणि तिच्या हाताखालची हिंडा मिलर. तिघींनी काय केलं, तर पुरुष खेळाडू आधारासाठी लंगोटासारखा पट्टा वापरतात, तसे दोन आणले, एकाला दुसरा जोडून शिवला आणि छातीवर चढवला. पहिली जॉगब्रा झाली. आज त्यांची ब्रा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मला यातलं आवडतं ते हे, की शोध लावणारीच्या शेजारी मशीन चालवता येणारी बाई बसलेली होती. दुखणं एकीचं, शिवण दुसरीची, आणि काम झालं. खारघर ते शिळफाटा हे अंतर त्याच दृष्टीनं बघा.

आणखी एक गोष्ट तुमच्या प्रयोगशाळेत कळणार नाही: आमचा पाऊस. माथेरान-खंडाळ्याच्या पायथ्याशी राहतो आम्ही. जूनच्या मध्यापासून चार महिने कपडे वाळत नाहीत. आवणीच्या दिवसांत बाई सकाळी भिजते ती रात्री कपडे बदलेपर्यंत भिजलेलीच. त्यात आतले कपडे दोरीवर उघडे टाकायचे नाहीत, साडीखाली, टॉवेलखाली लपवून टाकायचे. मुळात ऊन नाही, त्यात वर साडीचं छप्पर. सकाळी ओलसरच अंगावर चढतात, नाहीतर चुलीच्या धगीवर धरून, मग इलॅस्टिक मरतं आणि धुराचा वास लागतो तो वेगळा. पोटऱ्यांपर्यंत चिखल चालतो, पण जांघेत आणि छातीखाली ओल राहिली की गजकर्ण ठरलेलं. पुरुषांनाही होतं, भट्टीवर काम करणारे आणि ट्रक चालवणारे त्यात पुढे. डॉक्टरकडे जायची लाज, म्हणून शेजारणीनं दिलेली ट्यूब. बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवस थांबते आणि मग नायटा दुप्पट पसरतो. २०१८ साली सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण घरात आलेली ट्यूब गल्लीभर फिरते. ढिली-घट्ट चुकीची निकर आणि न वाळणारं जाड होजिअरी कापड ही या दुखण्याची सुरुवात आहे, असं माझं मत. मी डॉक्टर नाही, पण कोणाची निकर कशी आहे हे मला डॉक्टरपेक्षा जास्त माहीत असतं.

शहरातले लोक सांगतात, “सुतीच घाला.” उन्हाळ्यात बरोबर आहे. आषाढात आमच्याकडे शुद्ध सुती निकर दोन दिवस वाळत नाही. पॉलिस्टर लवकर वाळतं, पण घामट असतं आणि वास धरतं. मधलं काहीतरी लागतं: घाम सोडणारं, रात्रीत घरातल्या पंख्याखाली वाळणारं, मांड्या घासू नयेत म्हणून पाय थोडा लांब, आणि ज्याचं इलॅस्टिक कातडीला थेट लागत नाही. हे कापड कुठलं, त्यात किती सूत, किती लायक्रा, विणकाम कसं, हे तुमचं शास्त्र. तुमच्याकडे निटवेअरचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. तुमची मुलं हातमाग आणि हस्तकलेचा अभ्यास करायला गावोगावी जाऊन राहतात, कारागिरांच्या नोंदी करतात, सुंदर पुस्तकं काढतात. पैठणीचा अभ्यास हवाच. पण पैठणी बाई लग्नात नेसते. ब्रा ती रोज घालते.

म्हणून मागणं असं. ‘इंडिया साइज’चे तक्ते जेव्हा लोकांसमोर येतील, तेव्हा छातीखालचं माप आणि भरलेल्या छातीचं माप वेगवेगळं, वयाप्रमाणे, फुकट आणि मराठीत छापा. नुसतं कंपन्यांना देऊ नका. माझ्यासारखीला द्या, बचत गटाला द्या, उल्हासनगरच्या कटिंग मास्तरलाही द्या. तो वाईट माणूस नाही, त्याच्यासमोर आकडेच नाहीत. सहा शहरांच्या बाहेर, कामकरी बायकांचं एक छोटं माप घ्या. त्याला कोट्यवधींचा स्कॅनर लागत नाही; दीड मीटरचा टेप, माप घेणाऱ्या बायका आणि पडदा लावलेली खोली एवढं पुरे. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई सोबत असल्या तर वाड्यांवरच्या बायकाही येतील, कारण त्यांचा शब्द तिथं चालतो. आणि निटवेअरच्या मुलांना एका सत्राचं काम असं द्या: अठ्ठावीसपासून चव्वेचाळीसपर्यंत, कपासकट, पावसात वाळणारी, आठशे मीटर धावता येईल अशी ब्रा, किंमत दोनशेच्या आत, आणि एक ओव्हरलॉक, एक फ्लॅटलॉक असलेल्या गावच्या गटाला शिवता येईल अशी. पॅरिसच्या फॅशन शोपेक्षा हे अवघड आहे. म्हणूनच तुमच्याकडे मागते आहे.

वस्त्रोद्योग मंत्रालयाला, म्हणजे तुमच्या वरच्यांना, तुमच्यामार्फत एक निरोप: पुरुषाच्या गंजीफ्रॉकवर सेंटिमीटर छापता, तसेच बाईच्या ब्रावर दोन आकडे छापायला लावा. छातीखाली इतके, छातीवर इतके. त्याला नवा कायदा लागत नाही, आहे तो नियम जरा नेमका करायचा आहे.

आणि हे पत्र वाचणाऱ्या बायांनो, निफ्टची वाट बघत बसू नका. घरात टेप नसेल तर नाडी घ्या, छातीखाली गुंडाळा, खूण करा, फूटपट्टीवर मोजा. नवी ब्रा घेतली की सगळ्यांत बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, म्हणजे पुढे इलॅस्टिक ढिलं पडलं की आतले हुक कामाला येतात. पट्टीखाली दोन बोटं जावीत, मूठ जाऊ नये. हात वर केले तर ती जागेवर राहावी. ती वर सरकते म्हणजे तुमचं अंग चुकलेलं नाही, नंबर चुकला आहे. दुकानदाराला नंबर सांगताना कपही मागा. नाही म्हणाला तरी मागा. दहा जणींनी मागितला की अकरावीसाठी तो गोणीत मागवेल. आणि दोरीवर आतले कपडे उन्हात, उघडे टाका. बघणाऱ्यांना बघू द्या.

संचालकसाहेब, भातकापणी उरकली की बायकांना थोडी उसंत असते, तेव्हा या. जुन्या हायवेनं खारघरहून तासाभराचा रस्ता आहे. दुकानात पडदा आहे, आरसा आहे, टेपही आहे. मंगळवारी दुकान बंद असतं, तो दिवस सोडून कधीही.

कळावे,
एक लेडीज टेलर,
शिळफाटा, खोपोली, ता. खालापूर, जि. रायगड